एकच जॅकेट, दोन निकाल

तैवानमध्ये विणून रंगवलेलं पॉलिएस्टर कापड, व्हिएतनाममध्ये शिवलेली जॅकेट्स. निम्मी ऑर्डर जपानला, निम्मी कॅनडाला. ओरिजिन, म्हणजे व्यापार करारांच्या नियमांनी माल कोणत्या देशाचा धरायचा, हे तपासायचं काम माझ्याकडे होतं; आयात ड्यूटीतली सवलत त्यावरच ठरते. तैवान ना आरसेपमध्ये (आसियान, चीन, जपान वगैरेंचा व्यापार करार), ना सीपीटीपीपीमध्ये (जपान, कॅनडा, व्हिएतनाम वगैरेंचा); त्यामुळे दोन्हीकडची सवलत गेलीच, असं धरून सगळे बोलत होते.

जपानचं आधी घेतलं. आरसेपमध्ये कपड्यांना चॅप्टर, म्हणजे कस्टम्सच्या मालयादीतलं प्रकरण, बदलला की पुरतं. कापड 54मधलं, जॅकेट 62मधलं, कापणी-शिलाई व्हिएतनामची. ओरिजिनचा दाखला निघाला. तिथला ड्यूटीचा दर मात्र टप्प्याटप्प्याने उतरतो आणि जपानचा टप्पा 1 एप्रिलला बदलतो. मार्चअखेर पोचणारा माल चार दिवस बाँडेड गोदामात (माल बाहेर काढेपर्यंत ड्यूटी न लागणाऱ्या) ठेवणं कधी कधी परवडतं.

कॅनडाला मात्र सीपीटीपीपी. तिथे सुतापासून पुढचं सगळं सदस्य देशांतलं लागतं, शिलाईचा दोरा आणि खिशाचं कापडसुद्धा. (दोऱ्यावर अडकलेल्या फाइली मी मुख्य कापडावर अडकलेल्यांइतक्याच पाहिल्यात.) वजनाच्या 10 टक्क्यांपर्यंत सूट आहे, पण इथे जॅकेटचं अख्खं मुख्य कापडच तैवानचं. टंचाईच्या, म्हणजे सदस्य देशांत पुरेशी मिळत नाहीत म्हणून बाहेरून चालणाऱ्या, कापडांची यादी चाळली, वर्णन जुळेना. म्हणजे पूर्ण ड्यूटी, 18 टक्के.

जॅकेट 30 डॉलरचं, त्यात कापड 8 डॉलरचं. ड्यूटी बसते पूर्ण जॅकेटवर, 5.40 डॉलर. ती भरून काढायची तर, जॅकेट स्वस्त झाल्यावर ड्यूटीही घटते हे धरूनसुद्धा, तैवानच्या मिलने 8चं कापड सुमारे 3.42ला द्यायला हवं. भावात घासाघीस करून सुटणारं हे प्रकरण नव्हे. तैवानच्याच चिपसारख्या मालाला हा जाच नाही. डब्ल्यूटीओच्या (जागतिक व्यापार संघटनेच्या) माहिती तंत्रज्ञान करारामुळे त्यावर बहुतेक ठिकाणी ड्यूटीच नसते. मार बसतो तो कापडासारख्या मालाला.

मिलने विचारलं, विणकाम व्हिएतनामला हलवलं तर? युरोपसाठी जमेल, युरोपीय संघ आणि व्हिएतनामच्या करारात विणकाम आणि शिलाई व्हिएतनाममध्ये झाली की चालतं. कॅनडासाठी नाही. तैवानचं सूत आणून व्हिएतनाममध्ये विणलं, तरी निकाल तोच. सूत काढण्याची लाइनही हलवावी लागेल, आणि तो खर्च मागांपेक्षा फार मोठा.

सीपीटीपीपीसाठी तैवानचा अर्ज 22 सप्टेंबर 2021चा. चीनचा त्याच्या सहा दिवस आधीचा. प्रवेशाला सगळ्या सदस्यांची संमती लागते. खरेदीदार तेवढा थांबला नाही. पुढच्या हंगामाच्या स्पेकमध्ये (मालाच्या तपशीलपत्रात) सुताच्या रकान्यात त्याने लिहिलं: जपान किंवा व्हिएतनाम.