दोन महिने का थांबलो नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. जहाजावरची ट्रेनी इंजिनिअरची नोकरी मी चार महिन्यांत सोडून घरी आलो. लग्नात, तेरवीला, दारव्ह्याच्या बसस्टँडवर, रसवंतीसमोर, सगळीकडे तोच प्रश्न: "दोन मैने अजून कहाडले असते तं का बिघडलं असतं?" आत्याला वाटतं समुद्र मानवला नाही. मावसभावाला वाटतं काढून टाकलं. एका सरांनी तर वर्गात सांगितलं, की आपल्याकडच्या पोरांत चिकाटी नसते. माझ्यामुळे ते वाक्य चाळीस पोरांना ऐकावं लागलं. त्यानंतर गप्प बसणं जमेना.

हिशोब तुम्हाला पाठ आहे. मी मेकॅनिकल झालो. 2017 ला बोंडअळीने कापूस नेला, तरी बाबांनी दोन एकर गहाण टाकून मला वर्षभराच्या मरीन कोर्सला पाठवलं. 2019 ला जहाज मिळालं. क्लास फोरच्या, म्हणजे जहाजावरच्या इंजिनिअरच्या पहिल्या लायसन्सच्या परीक्षेसाठी किमान सहा महिने जहाजावरच्या इंजिन रूममध्ये काढावे लागतात, मी चार महिन्यांत उतरलो. मग 2020 उजाडलं, जहाजांवरची माणसं बदलणंच थांबलं, आणि राहिलेले दोन महिने भरायला मला जवळपास दोन वर्षं लागली. तोवरचं व्याज बाबांनी भरलं. यातलं काहीच मी नाकारत नाही. पण समुद्र लागला म्हणून आलो, हे खोटं आहे. पहिल्या तीन दिवसांत ओकलो, तसे पुष्कळ जण ओकतात.

कंपनीला मी सांगितलं, बाबा आजारी आहेत. बाबा त्या आठवड्यात सोयाबीन डवरत होते.

जहाजावर ट्रेनीला 'पाच साब' म्हणतात. फोर्थ इंजिनिअर चार साब, थर्ड तीन साब. नावात साब असला तरी ट्रेनीचं काम सगळ्यात खालचं असतं: बिल्जमधला, म्हणजे जहाजाच्या तळातला चिखल काढायचा, इंजिनाच्या पिस्टनखालच्या हवेच्या पोकळीत (स्कॅव्हेंज स्पेस) रांगत शिरून काजळी खरवडायची, आणि रोज सकाळी टाक्यांची साउंडिंग घ्यायची. साउंडिंग म्हणजे टाकीच्या पाइपातून पितळी वजन लावलेली टेप तळापर्यंत सोडायची, वर ओढायची, आणि तेल कुठवर लागलंय तो आकडा वहीत लिहायचा. यात मला शिकण्यासारखं काही वाटलं नाही. विहिरीवरच्या डिझेल इंजिनात बाबा तुराटी घालून पाहायचे, तेच हे. लहानपणी मी एकदा टाकी नुसती हलवून "अर्धी हाय" म्हटलं होतं, तर बाबा म्हणाले होते, "तुराटी टाकून पाह्यल्याबिगर सांगू नको किती हाय." म्हणजे हे मला कुणी शिकवलंच नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या रिचर्ड्स बेहून कोळसा भरून आम्ही सिंगापूरकडे निघालो होतो. वाटेत एका जनरेटरचे पिस्टन बाहेर काढले. नियमाप्रमाणे कोणत्याही 24 तासांत किमान 10 तास आणि 7 दिवसांत 77 तास विश्रांती मिळायला हवी. त्या आठवड्यात माझ्या तक्त्यावर रोज दहा तास भरले होते, खाली सही माझी होती, आणि प्रत्यक्षात मी पाच-सहा तास झोपत होतो. ज्या जहाजावर विश्रांतीचा तक्ता सगळ्यांदेखत खोटा भरला जातो, तिथे एका टाकीचा आकडा अंदाजाने लिहिला तर काय मोठं, असं तेव्हा वाटलं. आजही एखाद्या रात्री वाटतं.

जड इंधन वापरण्याआधी सुमारे 98 अंशांपर्यंत तापवून प्युरिफायर नावाच्या तेल साफ करणाऱ्या यंत्रातून काढतात. त्याचा बोल, म्हणजे आतलं भांडं, गरागरा फिरतो, घाण आणि पाणी कडेला जातं, ठरावीक वेळाने बोल उघडतो आणि ती घाण खालच्या स्लज टाकीत, म्हणजे घाण साठवायच्या टाकीत पडते. टाकी रोज साधारण तीन सेंटिमीटरने चढायची. पहिल्या दिवशी मी खरं साउंडिंग घेतलं, 61. दुसऱ्या दिवशी खाली उतरलोच नाही, 64 लिहिलं. तिसऱ्या दिवशी 67. त्याच दोन दिवसांत एका प्युरिफायरची सीलिंग रिंग गेली होती आणि घाणीसोबत चांगलं तेलही टाकीत उतरत होतं. अशी गळती लवकर कळावी यासाठीच तर रोजचं साउंडिंग असतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी कंट्रोल रूममध्ये होतो. खालून ओरडण्याचा आवाज आला. टाकी भरून तेल उलटं वर आलं होतं आणि प्युरिफायर रूमच्या लोखंडी प्लेटांवर पसरलं होतं. आमचा मोटरमन, म्हणजे इंजिन रूममधला खलाशी, काय झालंय ते पाहायला आत गेला, घसरला, आणि हात अंगाखाली सापडला. तो रत्नागिरीकडचा. जहाजावर माझ्याशी मराठी बोलणारा तेवढा एकच. मला कापसाचे भाव विचारायचा, नारळ आणि कापूस यांत जास्त त्रास कशाला यावर वाद घालायचा. मी पोचलो तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता, मनगट भलतीकडे वळलं होतं, आणि पहिला शब्द त्याने काढला तो "फीड बंद कर." मी फीड, म्हणजे प्युरिफायरमध्ये येणारं तेल, बंद केली, प्युरिफायर थांबवला. मग पळत जाऊन साउंडिंग घेतलं. कशासाठी घेतलं, ते मला अजून सांगता येत नाही. टेप वरपर्यंत काळी होऊन आली.

चौकशी झाली. रिंग झिजलेली होती. टाकी भरत आली की वाजणाऱ्या हाय लेव्हल अलार्मचा फ्लोट, म्हणजे तेलावर तरंगणारा गोळा, अडकलेला होता, म्हणून अलार्म वाजला नाही. मोटरमनच्या बुटांचे तळ गुळगुळीत झाले होते. तिन्ही गोष्टी खऱ्या. गळती रात्रीतूनच वाढली असावी, असंही लिहिलं गेलं, कारण आदल्या सकाळचा आकडा वहीत नीट होता. तो आकडा माझा होता. त्यावर मला कुणी एक शब्द विचारला नाही. तेलाच्या नोंदी खोट्या लिहिल्याबद्दल अमेरिकेत जहाजांवरचे इंजिनिअर तुरुंगात गेलेत, हे आम्हाला कोर्समध्ये शिकवलं होतं. तेव्हा मी समोरच्या बाकावर बसून ते लिहून घेतलं होतं.

सिंगापूरला एजंटची बोट त्याला न्यायला आली. हात गळ्यात बांधलेला, बॅग मी उचलली. जहाजावरून उतरायच्या शिडीच्या, गँगवेच्या तोंडाशी थांबून तो म्हणाला, "पाच साब, त्या टाकीचं साउंडिंग रोज घेत होतास ना?"

मी म्हणालो, "हो."

तो म्हणाला, "मग झालं." आणि उतरला.

त्याने सहज विचारलं, की त्याला ठाऊक होतं? साउंडिंगची टेप प्युरिफायर रूमच्या दाराशीच टांगलेली असायची आणि तो दिवसातून दहा वेळा तिथून जायचा. दोन दिवस ती कोरडी होती. मी हे शेकडो वेळा उलटसुलट करून पाहिलंय. त्यानंतर चार दिवसांनी मी घरी जायचा अर्ज दिला.

तेव्हाचा मी अजून माझ्याशी भांडतो. म्हणतो, थकलो होतो, अलार्मचा फ्लोट बघणं माझं काम नव्हतं, बूट बदलून देणं कंपनीचं काम होतं. यातलं प्रत्येक वाक्य बरोबर आहे. पण तिसऱ्या दिवशी, म्हणजे 67 लिहिलं त्या दिवशी, मी सात तास झोपलो होतो. खाली जाऊन यायला दहा मिनिटं लागतात. मग तो म्हणतो, तरीही तू दोन महिने थांबायला हवं होतंस, कबूल करून थांबायला हवं होतंस, गहाण जमिनीचा तरी विचार करायचा. इथे माझ्याकडे उत्तर नाही. मी घाबरलो होतो, ते समुद्राला नाही, त्या दाराशी टांगलेल्या टेपला. आत्या म्हणते "भेला," ते काही अगदीच चूक नाही.

आता मी चार साब आहे. प्युरिफायर आणि स्लज टाकी माझ्याकडे असते. पोरगं सकाळी आकडे घेऊन आलं की आधी मी टेप हातात घेऊन बघतो, ओली आहे का. काही पोरांना राग येतो, विश्वास नाही का म्हणतात. थकलेल्याला झोपायलाही पाठवतो, पण तक्ता दर वेळी खरा भरला जातो असं छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

बाबांना यातलं काही माहीत नाही. उतरून आलो त्या रात्री त्यांनी एकदाच विचारलं होतं, "कोणी मारलं-झोडलं तं नाही ना?" मी नाही म्हटल्यावर जेवायला वाढा म्हणाले. हे वाचून कुणीतरी त्यांना सांगेलच, सांगा.

मोटरमनचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. हात नीट बसला का, पुन्हा जहाजावर गेला का, मला माहीत नाही. फोन केला तर तो बहुतेक आधी कापसाचा भाव विचारेल. आणि मग कदाचित टाकीचं विचारेल. या खेपेला हो म्हणायचं नाही, एवढं ठरवलंय. फोन अजून केलेला नाही.