खोकल्याची उलटतपासणी

जर्मनीत रविवारी छातीत कफ भरू नये. सुपरमार्केट बंद, आणि उघडं असलं तरी साधी पॅरासिटामॉलसुद्धा तिथे मिळत नाही. ती फक्त अपोथेकमध्ये, म्हणजे इथल्या मेडिकलमध्ये. रविवारी ज्या अपोथेकची पाळी असते ती आम्हाला स्टुटगार्टच्या पार दुसऱ्या टोकाला सापडली. दार बंदच. घंटी वाजवली की छोटी खिडकी उघडते, आणि औषधाच्या किमतीवर सेवेचे अडीच युरो वेगळे.

मग खिडकीतल्या बाईंची चौकशी. खोकला कुणाला? कोरडा की कफाचा? कधीपासून? ताप? बीपीच्या गोळ्या चालू आहेत? कफ कुठल्या रंगाचा? नवरा शेजारी उभा राहून खोकतोय, पण उत्तरं द्यायची मी, कारण जर्मन मला जरा बरं येतं. मागे थंडीत उभे असलेले दोन सभ्य गृहस्थ माझ्या नवऱ्याच्या कफाचा रंग शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हटलं, बाई, कफ सुटायचं द्या आणि खोकला थांबायचंही द्या. तर म्हणे एकावेळी दोन्ही नाही. सुटलेला कफ खोकल्यावाटेच बाहेर येणार ना? मग खोकलाच दाबलात तर तो जायचा कुठे?

बिनतोड होतं, म्हणून जास्तच राग आला. आपल्याकडे नुसतं 'छाती भरलीय' म्हटलं की मेडिकलवाला पट्टीतल्या चार गोळ्या कात्रीने कापून देतो, वर सिरप. त्यात अँब्रॉक्सॉल, ग्वायफेनेसिन, टर्ब्युटालिन, मेंथॉल, सगळं एकाच बाटलीत. आमची अख्खी पिढी त्यावर वाढली, काही बिघडलं नाही.

हे वाक्य मी २०२५ पर्यंत बिनधास्त टाकायचे. मग छिंदवाड्याची बातमी आली. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन, दगावलेली लहान लहान मुलं, त्यातली कित्येक नागपूरला उपचारांसाठी आणलेली. ऑफिसच्या कँटीनमध्ये एकाने "तुमच्याकडची औषधं..." अशी सुरुवात केली, आणि मी लगेच काँटेरगान काढलं. थॅलिडोमाइडची ती झोपेची गोळी १९५७ पासून इथे चिठ्ठीशिवाय विकली जायची. १९६१ मध्ये बाजारातून काढेपर्यंत, गरोदरपणी ती घेतलेल्या बायकांची हजारो मुलं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली होती. तो गप्प झाला. मुलांच्या जिवावर वाद जिंकून मलाही काही बरं वाटलं नाही, पण त्या क्षणी कुणाचं ऐकून घ्यायचं नव्हतं.

असो. अपोथेकमधल्या बाईंनी दिलं कफ सुटायचं अँब्रॉक्सॉलच. इथल्या घराघरांतलं औषध, अगदी अस्सल जर्मन! पण ते निघालं ब्रोमहेक्सिनमधून, आणि ब्रोमहेक्सिन घडवलं गेलं व्हॅसिसिनच्या धर्तीवर. हे व्हॅसिसिन कुठलं? अडुळशाच्या पानातलं. आजोळी कुंपणाला लावलेला, गुरंही तोंड लावत नाहीत तो अडुळसा! आजी त्याचा रस मधातून चाटवायची, तोही रंग न विचारता.

हे मी त्या बाईंना खिडकीतून सविस्तर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, "इंटरेसान्ट" म्हणाल्या, आणि खोक्यावर पेनाने लिहून दिलं: संध्याकाळी उशिरा घेऊ नका, कफ सुटून झोपमोड होईल.