ऐंशी ट्राय आणि एक कचरागाडी

रग्बी लीगमध्ये, म्हणजे तेरा खेळाडूंच्या रग्बीत, एका हंगामात सर्वाधिक ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवून मिळवलेले गुण) करण्याचा विक्रम 1913-14 पासून आजतागायत अल्बर्ट रोझेनफेल्डच्या नावावर आहे, आणि तो आकडा आहे 80. दोन वर्षे आधी, 1911-12 मध्ये, त्याने 78 ट्राय केले होते. एखाद्या हंगामात कोणालाही सूर गवसू शकतो. दोन वर्षांच्या अंतराने तेच पुन्हा करून दाखवणे मला अधिक थक्क करते.

मूळचा सिडनीचा हा ज्यू तरुण 1908-09 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या संघाबरोबर इंग्लंडच्या दौऱ्यावर आला आणि तिथल्या हडर्सफील्ड गावातल्या एका मुलीच्या प्रेमात पडून तिथलाच झाला. योगायोग असा, की ज्या नॉर्दर्न युनियन या संघटनेतून पुढे रग्बी लीग घडली, तिची स्थापना 1895 मध्ये याच गिरणगावातल्या जॉर्ज हॉटेलात झाली होती. तो मधल्या फळीतला खेळाडू होता; हडर्सफील्डच्या क्लबने त्याला कडेला, विंगवर नेले. विंगर म्हणजे चेंडूची वाट पाहणारा माणूस. आतल्या खेळाडूंनी बचावफळी आपल्याकडे ओढली, योग्य क्षणी पास दिला, तरच त्याच्यापुढे मैदान मोकळे होते. मग शेवटचा बचावपटू चुकवून, रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवेपर्यंतचे सारे त्याचे. हॅरॉल्ड वॅगस्टाफसारखा कर्णधार आत असल्यामुळे असे पास त्याला भरपूर मिळाले, हे मान्य करायला हवे. तरीही हडर्सफील्डसाठी 287 सामन्यांत 366 ट्राय, म्हणजे सामन्यामागे एकाहून अधिक, हे केवळ सोबत्यांच्या पुण्याईवर होत नाही. 1914-15 मध्ये या संघाने त्या हंगामातले चारही करंडक जिंकले.

मग महायुद्ध आले आणि ऐन भरातली वर्षे घेऊन गेले. तो सैन्यातून मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेला, जिथे त्याच काळात आपल्याकडच्या मराठा पलटणीही लढत होत्या. परतल्यावर वेकफील्ड आणि ब्रॅडफर्डकडूनही तो खेळला, पण तो वेग उरला नव्हता.

पुढे त्याने हडर्सफील्ड नगरपालिकेत कचरा उचलण्याचे काम केले. ज्या गावाने त्याच्यासाठी क्लबचे फार्टाउन मैदान भरभरून टाकले, त्याच गावाच्या दारोदारचे डबे तो गाडीत रिकामे करत असे. 1970 मध्ये तिथेच त्याचे निधन झाले. ब्रिटनमधल्या रग्बी लीगच्या हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानयादीच्या, पहिल्या तुकडीत त्याचे नाव आले ते 1988 मध्ये.