परसदारची फरसबंदी आणि सागवानी मांडव : खांब उभे राहिले

काल संध्याकाळी चौथा खांब तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या घडीव दगडावर बसला आणि अंधार पडायच्या आत दोन्ही तुळया वर चढल्या. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी कुदळ मारली होती, आता एप्रिल संपत आलाय. मध्ये लेकीची दहावी झाली, घरात दोन लग्नं झाली आणि एकदा केलेली फरशी उचलून पुन्हा घालावी लागली. जे असं काही घरच्या घरी करायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी आतापर्यंतचं सगळं लिहून ठेवते.

आमचं घर कराडजवळ, म्हणजे जमीन काळी. उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच माती फुगून वर येते. आधी परसात मातीवरच शहाबादी अंथरली होती. दोन पावसाळ्यांत एक फरशी वर, एक खाली, मधोमध डबकं, असं झालं. काळ्या मातीवर थेट काहीही घालू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगते. ती माती काढावीच लागते.

जागा 15 फूट बाय 12 फूट. चारी बाजूंनी अर्धा फूट जास्त धरून दीड फूट खोल खणलं. 3 ब्रासच्या (ब्रास म्हणजे 100 घनफूट) वर माती निघाली, ती सगळी शेजारच्यांनी बांधावर टाकायला नेली. आखणीसाठी दोरी, खुंट्या आणि 9-12-15 फूट बाजूंचा काटकोन त्रिकोण. कोपरे काटकोनात आलेत का याची खात्री करायला कर्ण मोजले. 15 बाय 12 ला कर्ण 19 फूट अडीच इंच यायला हवा. पहिल्यांदा एक कर्ण दुसऱ्यापेक्षा 2 इंचांनी जास्त आला, मग खुंट्या हलवल्या. या कामाला अर्धा दिवस गेला, पण कोपरा चुकला असता तर पुढे प्रत्येक ओळीत ठोकळे कापत बसावं लागलं असतं.

खड्ड्याच्या तळाला जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरलं. ते नसेल तर पावसात काळा चिखल हळूहळू वर मुरुमात शिरतो आणि भरावाचा दम जातो. त्यावर 10 इंच मुरूम, पण एकदम नाही. साडेतीन-साडेतीन इंचांचा थर, पाणी मारायचं, थोडं सुकू द्यायचं आणि मग भाड्यानं आणलेला प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे भराव दाबायचं यंत्र, फिरवायचा. चांगला बसलेला मुरूम ओळखायला सोपा आहे. वरून चालताना टाच रुतत नाही आणि पहार आपटली तर हाताला झिणझिण्या येतात. मुरुमावर 4 इंच खडी, तीही दाबून. उतार याच टप्प्यावर दिला, घरापासून लांब, फुटाला पाव इंच. म्हणजे 12 फुटांत 3 इंच. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी बघायची जुनी पद्धत वापरली. नळीत एक बुडबुडा अडकला होता, त्यामुळे पहिलं माप बोटभर चुकलं. नळी धरण्याआधी ती पूर्ण सरळ करून बुडबुडे घालवा.

खांबांच्या पायाचं काम फरशीच्या आधी करावं लागतं, हे मला नानांमुळे कळलं. नाना म्हणजे माझे सासरे. लहानपण वाड्यात गेलं त्यांचं. मी इंटरनेटवर बघून खांबाचं टोक काँक्रीटमध्ये गाडायचं ठरवलं होतं. नानांनी आराखडा बघितला आणि म्हणाले, "अगं, लाकूड कधी जमिनीत पुरतात का? आमच्या वाड्यात एक खांब तरी मातीला टेकलेला पाहिलास? तळखडा आण."

पाहिला नव्हता खरंच. जुन्या वाड्यांत प्रत्येक खांबाखाली घडीव दगड असतो. खांबाचं बूड जमिनीच्या वर राहतं, खाली पाणी साचत नाही आणि वाळवी चढायला लागली तर दगडावर तिची मातीची नळी लगेच डोळ्याला दिसते. काँक्रीटमध्ये गाडलेल्या लाकडाभोवती मात्र पाणी अडकतं आणि लाकूड नेमकं जमिनीच्या पातळीला कुजतं, तेही बाहेरून दिसत नाही.

पाथरवटाकडून काळ्या दगडाचे 4 तळखडे घडवून घेतले, 10 इंच बाय 10 इंच, 8 इंच उंच. वरचा भाग मधून किंचित उंच ठेवायला सांगितला, म्हणजे पाणी कडेनं ओघळतं. प्रत्येकाला मधोमध आरपार भोक. खाली अडीच फूट खड्डा खणून काँक्रीट भरलं, त्यात 16 मिलिमीटरचा गज उभा केला, तो दगडातून वर 6 इंच काढला आणि खांबाच्या बुडाला तेवढंच भोक घेतलं. वाड्यात वरचा मजला आणि छप्पर यांच्या ओझ्यानं खांब जागचा हलत नाही. आपला मांडव हलका, त्यावर वेल चढला की वळवाच्या वाऱ्यात तो शिडासारखा ओढला जाणार. त्यामुळे गज हवाच.

आता फरशी. 60 मिलिमीटर जाडीचे पेव्हर ब्लॉक घेतले, 200 बाय 100 मिलिमीटरचे. चालण्या-बसण्याच्या जागेला एवढी जाडी पुरते, गाडी उभी करायची असेल तर 80 घ्या. चौरस मीटरला 50 बसतात. आमच्या जागेला साधारण 840 लागणार होते, तुटफूट आणि कापाकापी धरून 900 मागवले. एकेक ठोकळा पावणेतीन किलोच्या आसपास, म्हणजे अडीच टन माल आम्ही दोघांनी हातानं आत आणला.

ठोकळ्यांखाली दीड इंच धुतलेली क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू. पुरवठादार स्वस्तात डस्ट (दगडाची बारीक भुकटी) देत होता, ती घेतली नाही. डस्ट पाणी धरून ठेवते आणि पावसात खालचा थर मऊ पडतो. दीड इंची दोन पाइप समांतर ठेवायचे, मध्ये वाळू ओतायची, ॲल्युमिनियमची पट्टी पाइपांवरून ओढत न्यायची, पाइप अलगद काढायचे, चर भरायचे. ओढलेल्या वाळूवर पाय द्यायचा नाही, बसवलेल्या ठोकळ्यांवर उभं राहूनच पुढे सरकायचं. मांडणी हेरिंगबोन, माशाच्या काट्यासारखी. त्यात ठोकळे एकमेकांत अडकतात आणि ओळ सरकत नाही. कडेला काँक्रीटची कड बांधली, तिच्याशिवाय बाहेरचे ठोकळे वर्षभरात सैल होतात.

तळखड्यांभोवतीचे ठोकळे कापायला चार दुपारी गेल्या. ग्राइंडर, पाण्याची धार, मास्क आणि चष्मा. दगडाच्या कडेला पुठ्ठा लावून आकार काढायचा, तो ठोकळ्यावर उतरवायचा आणि रेषेच्या आत एक सूत (इंचाचा आठवा भाग) सोडून कापायचं. चौथ्या तळखड्यापाशी फट 3 मिलिमीटरची आली, तेव्हा मी लेकीला हाक मारून दाखवली.

ठोकळ्यांमधल्या फटींत बारीक कोरडी वाळू झाडून घातली, कॉम्पॅक्टर फिरवला, पुन्हा वाळू. काम झालं असं वाटलं. नळीनं पाणी सोडलं तर स्वयंपाकघराच्या मोरीपासून निघालेला एक पट्टा हळूहळू खाली बसला, बोटभर. त्याच्याखालून सांडपाण्याचा पाइप जातो आणि घर बांधताना त्या चराचा भराव कुणी दाबलाच नव्हता. मी खणताना तो चर बघितला होता, वरून घट्ट लागला म्हणून तसाच सोडला. 70 ठोकळे उचलले, वाळू-खडी बाजूला केली, पाइपाच्या वरपर्यंत खणलं आणि हाताच्या धुमसानं थराथरानं मुरूम भरला. दोन शनिवार गेले. पण तेच ठोकळे पुन्हा जसेच्या तसे बसले, एकही वाया गेला नाही. सिमेंटच्या कोब्याऐवजी पेव्हर घेतल्याचं समाधान त्या दिवशी खरं वाटलं.

लाकूड जुनंच. उतरवलेल्या वाड्यांचं सागवान विकणाऱ्या वखारीतून 4 खांब आणि 2 तुळया निवडल्या. निवडताना कडेचा फिकट भाग बघा. सागाचा गाभा वाळवीला दाद देत नाही, पण तो फिकट भाग ती खाते. खांबांना चुंबक लावून जुने खिळे शोधले, 23 निघाले. एक राहिलाच, त्यानं रंध्याच्या पात्याला खाच पाडली. वरचा काळा पापुद्रा निघाला आणि खालून मधासारखा रंग आला, सोबत सागाच्या तेलाचा तो कडवट वास. एवढ्या वर्षांनंतरही तो वास लाकडात आहे. नाना खुर्ची टाकून तिथंच बसले होते. एक लांब सालपट उचलून त्यांनी नाकाशी धरलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

फरशीला उतार आहे, म्हणून चारही खांब सारख्या लांबीचे चालत नाहीत. घराकडचे आणि लांबचे यांत 10 फुटांचं अंतर आहे, म्हणजे अडीच इंचांचा फरक. पुन्हा नळीनं पातळी काढून खांब कापले, ओळंब्यात उभे केले, तात्पुरते तिरपे टेकू ठोकले आणि मग तुळई चढवली. खांबाच्या डोक्याला कूस, म्हणजे खाचेत बसणारं टोक, आणि तुळईत खाच. पटाशीनं घेतलेली पहिली खाच सैल झाली, तिच्यात सागाचीच पाचर मारली.

आता वरच्या कड्या, म्हणजे तुळयांवर टाकायची आडवी लाकडं, राहिल्यात, आणि यात एक गोष्ट लक्षात घ्या. युरोप-अमेरिकेतल्या आराखड्यांत बऱ्याचदा कड्या पूर्व-पश्चिम टाकतात, कारण त्यांच्याकडे दुपारचा सूर्यही दक्षिणेकडे कललेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात तो डोक्यावर असतो, त्याला कडी कशीही टाकली तरी सारखंच. छळतं ते पश्चिमेचं तिरपं ऊन. म्हणून मी कड्या दक्षिणोत्तर, उभ्या टाकणार आहे. 4 इंच उंचीची कडी आणि मध्ये 4 इंच मोकळी जागा ठेवली, तर सूर्य 45 अंशांच्या खाली उतरला की थेट ऊन आत येत नाही. मे महिन्यात इथं ती वेळ साधारण दुपारी साडेतीन-पावणेचारची. कडीची जाडी 2 इंच, मांडव 12 फूट रुंद, म्हणजे 25 कड्या. 11 कापून झाल्यात.

लाकडाला जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन लावतेय. तेलात भिजलेल्या चिंध्या चुरगाळून एकत्र टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मी त्या तारेवर एकेक करून वाळत घालते.

परवा रात्री पहिला वळीव झाला. विजेरी घेऊन मागच्या दारात उभी राहिले. पाणी फरशीवरून सरकत लांबच्या कडेला गेलं, तिथून आळ्यात उतरलं, मोरीच्या पट्ट्यावर थेंबही थांबला नाही. तळखड्यांच्या माथ्यावरचं पाणी कडेनं ओघळत होतं. येत्या शनिवारी उरलेल्या 14 कड्या कापायच्या आहेत, आणि आळ्यात जाई लावायची की मधुमालती यावर नानांचं आणि माझं अजून एकमत नाही.