गालगागा गालगागा गागालल : कॅनडाचा रॉक गिटारवर, महिना सातवा

या वेळची नोंद लिहायला दोन महिने लागले, कारण सांगण्यासारखं काही हाताला लागलं नव्हतं. आता लागलंय. रश या कॅनेडियन बँडच्या 'वायवायझेड' या गाण्याची सुरुवात बसली! पूर्ण गाणं नाही, फक्त सुरुवातीचा तुकडा, तोही मूळ वेगाच्या पाऊणपट. पण मेट्रोनोम (टिकटिक करून लय देणारं यंत्र) बंद केला तरी सुटत नाही, आणि मे महिन्यात मी ती आशाच सोडली होती.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. गेल्या दिवाळीत टोरंटोजवळच्या मिसिसागाची मावसबहीण आली होती. तिच्या बॅगेच्या पट्टीवर 'वायवायझेड' अशी तीन अक्षरं होती. टोरंटोच्या पिअर्सन विमानतळाचा तो कोड. त्याच नावाचं रशचं गाणं मी कॉलेजपासून ऐकत होतो, पण ती अक्षरं अशी बॅगेवर बघितली आणि रात्री पुन्हा हेडफोन लावून बसलो. मग जानेवारीत आठ गाणी ठरवली, सगळी कॅनडाच्या मातीतली. वर्षभरात प्रत्येक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत न थांबता वाजवायचं, एवढाच नेम.

कॅनडाच का, हे बरेच जण विचारतात. आपल्याकडे ब्रायन ॲडम्स सगळ्यांना पाठ, नील यंग पुष्कळांना माहीत, पण दोघांनाही आपण अमेरिकेच्या खात्यात टाकून मोकळे होतो. शेजारच्या अवाढव्य बाजारात आपली गाणी बुडून जाऊ नयेत म्हणून कॅनडाने १९७१ मध्ये एएम रेडिओला नियमच घातला : तीस टक्के संगीत कॅनडाचं हवं. गाणं कॅनडाचं ठरवायला संगीत, कलाकार, ध्वनिमुद्रण आणि शब्द अशा चार कसोट्या. गंमत म्हणजे खुद्द ब्रायन ॲडम्सचा १९९१ चा अल्बम त्या कसोट्यांवर उतरला नाही, कारण गाणी त्याने परदेशी निर्मात्याबरोबर मिळून लिहिली होती. त्यावर तिकडे मोठा वाद झाला. नियमाच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोलता येईल, पण त्या काळात कितीतरी बँडना घरच्या रेडिओवर जागा मिळाली ती या नियमामुळे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता 'वायवायझेड'कडे येतो, कारण सगळा आनंद तिथेच आहे.

रश म्हणजे तेव्हा तिघंच. बेसवर गेडी ली, गिटारवर ॲलेक्स लाइफसन, ड्रम्सवर नील पिअर्ट. १९८१ च्या 'मूव्हिंग पिक्चर्स'मधलं हे शब्दांशिवायचं गाणं. विमानांना दिशा कळावी म्हणून विमानतळाचा रेडिओ आपली अक्षरं मोर्समध्ये, म्हणजे लांब-आखूड ठोक्यांच्या लिपीत, सतत पाठवत असतो. तोच ठोका पिअर्ट आधी छोट्या धातूच्या चकत्यांवर किणकिणवतो आणि मग बेस आणि गिटार तो उचलतात. सूर कुठले, तर आपल्या भाषेत सा आणि तीव्र मध्यम. त्या दोन सुरांमधली ओढ अशी आहे की कान स्वस्थ बसत नाही.

पाच आठवडे मी पायाने दहा मोजत होतो आणि दर वेळी दुसऱ्या 'वाय'वर घसरत होतो. एका रात्री वहीत मोर्स लिहून काढलं. वाय म्हणजे लांब-आखूड-लांब-लांब. झेड म्हणजे लांब-लांब-आखूड-आखूड. लांबला दोन आणि आखूडला एक धरा. वाचता वाचता डोळ्यासमोर शाळेतला फळाच आला. गुरु, लघु, गुरु, गुरु! यमाताराजभानसलगा घोकलेल्या कुणालाही दिसेल, की वाय म्हणजे र गण आणि वर एक गुरु, झेड म्हणजे त गण आणि वर एक लघु. गालगागा, गालगागा, गागालल. सात, सात आणि सहा, एकूण वीस. मराठी गझल लिहिणाऱ्यांच्या वह्यांमध्ये गालगागा पानोपानी भरलेलं असतं, आणि मी इकडे पायाने एक ते दहा मोजत बसलो होतो.

पुढचा भाग तबलेवाल्यांनी नीट वाचा. वीस अर्ध्या मात्रा म्हणजे दहा मात्रा, म्हणजे झपताल. हाताने झपताल धरा आणि तोंडाने लगावली, म्हणजे ही ल-गांची ओळ, म्हणा. पहिला गालगागा समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, सुरू होतो. दुसरा चौथ्या मात्रेच्या मध्यावर, पार अधांतरी. माझा हात दर वेळी तिथेच निसटत होता. पण तिसरा तुकडा, गागालल, बरोबर आठव्या मात्रेवर येतो, म्हणजे तिसऱ्या टाळीवर. धी ना | धी धी ना | ती ना, आणि आठव्या मात्रेच्या 'धी'वर 'गा'. तिथे पाय टेकायला जागा आहे हे कळल्यावर मधलं अधांतर घाबरवत नाही. दोन दिवस गिटार भिंतीलाच टेकवून ठेवली, नुसत्या टाळ्या दिल्या आणि लगावली म्हटली. तिसऱ्या दिवशी पिक, म्हणजे तार छेडायची चकती, हातात घेतलं. गुरूला डाउनस्ट्रोक (वरून खाली), लघूलाही डाउनस्ट्रोकच, फक्त शेवटच्या 'लल'ला खाली-वर. ही माझी सोय आहे. कुणाला दुसरी जमत असेल तर जरूर कळवा.

या सात महिन्यांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. वीस वर्षं मी डाव्या हाताचा वादक होतो. कुठली कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), कुठला फ्रेट (गिटारच्या दांड्यावरची आडवी पट्टी), बोट कुठे, एवढ्यावरच सगळं लक्ष. ही आठही गाणी उजव्या हाताची आहेत.

नील यंगचं 'सिनॅमन गर्ल' घ्या. १९६९ चं. सहावी आणि पहिली अशा दोन्ही तारा ई या सुरावरून डी वर उतरवायच्या. त्यामुळे खालची घरघर आणि वरची टणटण दोन्ही डी. याच्या एकसुरी सोलोबद्दल तुम्ही ऐकलं असेलच. एकच डी, परत परत. मी तो दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर वाजवतो आणि पहिली तार मोकळी सोडतो. दोन्हींचा सूर तोच, पण केसभर इकडे-तिकडे. त्या केसभरातच गाण्याचा जीव आहे. डावा हात जवळजवळ स्थिर. प्रत्येक आघात किती जोरात, ब्रिजच्या (तारा टेकतात त्या पट्टीच्या) किती जवळ, तारेवर किती तिरपा, एवढंच काय ते तुमच्या हातात. एप्रिलचा सगळा महिना या एका सुरात गेला आणि मला त्याचा जराही पस्तावा नाही. यंगने १०३ डिग्री तापात एकाच दिवसात तीन गाणी लिहिली, त्यांतलं हे एक. उरलेली दोन, 'डाउन बाय द रिव्हर' आणि 'काउगर्ल इन द सँड', त्याच अल्बमवर आहेत. ओळीने तिन्ही ऐका.

'हार्ट ऑफ गोल्ड' मार्चमध्येच पूर्ण झालं. १९७२ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं यंगचं हे एकुलतं एक गाणं. पाठीच्या दुखण्यामुळे त्या काळात त्याला जड इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभं राहणं कठीण झालं होतं, म्हणून तो अकूस्टिककडे वळला. कॉर्ड चारच आहेत, पण स्ट्रमिंग करताना तळहाताने तार मध्येच दाबून तो जो ठेका काढतो, त्याला मला तीन आठवडे लागले. हार्मोनिका गळ्यात अडकवायची पट्टी अजून घेतलेली नाही.

'अमेरिकन वुमन'बद्दल मागच्या नोंदीत लिहिलं होतं, तरी एक राहिलं होतं. विनिपेगच्या द गेस हू या बँडला हे गाणं अक्षरशः रंगमंचावर सापडलं. ओंटारिओतल्या एका कार्यक्रमात गिटारवादक रँडी बॅकमनची तार तुटली. नवी चढवून सूर लावता लावता हा रिफ (पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) निघाला, बाकीचे सामील झाले आणि गायक बर्टन कमिंग्जने सुचतील ते शब्द गायले. श्रोत्यांतल्या एका मुलाने ते कॅसेटवर उतरवलं होतं, म्हणून वाचलं. १९७० मध्ये ते अमेरिकेत तीन आठवडे पहिलं होतं. त्यातला लांबत जाणारा, मधाच्या धारेसारखा सूर विनिपेगच्याच गार्नेट कंपनीच्या हर्झॉग नावाच्या उपकरणातला आहे. ते खरं तर एक छोटा व्हॉल्व्ह ॲम्पच (आवाज वाढवणारं यंत्र), पण स्पीकरऐवजी मोठ्या ॲम्पच्या तोंडाला जोडायचा. माझ्याकडचा साधा फझ पेडल (सूर खरखरीत करणारा पायाने दाबायचा डबा) टोन कमी करून लावला तर थोडा जवळ जातो, पण थोडाच.

बॅकमनच्याच गिटारची ही गोष्ट मी कुणालाही सांगायला बसतो. १९५७ ची ग्रेच कंपनीची नारिंगी गिटार, पोरवयात कामं करून चारशे डॉलर जमवून घेतलेली. १९७६ मध्ये टोरंटोच्या हॉटेलातून चोरीला गेली. पंचेचाळीसेक वर्षांनी एका चाहत्याने घरबसल्या, जुन्या फोटोंमधल्या लाकडाच्या गाठी-रेषा जुळवत, ती जपानमधल्या एका संगीतकाराकडे शोधून काढली. त्या भल्या माणसाने तशीच दुसरी ग्रेच मिळाली तर ही परत देतो म्हटलं. १ जुलै २०२२ ला, म्हणजे कॅनडा दिनाला, टोकियोत अदलाबदल झाली. आपल्या गिटारच्या लाकडाचे जवळून फोटो काढून ठेवा, हे मी मनापासून सांगतोय. मी ठेवलेत.

जून मात्र वाईट गेला. जोनी मिचेलचं 'बिग यलो टॅक्सी' ओपन ई मध्ये आहे, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की ई कॉर्डच वाजते. जोनीला हा रॉक कुठला असं कुणी म्हणेल, पण यादी माझी आहे आणि ती तिच्याशिवाय होऊच शकत नाही. नवव्या वर्षी तिला पोलिओ झाला, डावा हात कमजोर राहिला. नेहमीच्या कॉर्ड धरणं जड जायचं म्हणून ती तारांचे सूरच बदलत गेली आणि त्यातून अशा कॉर्ड निघाल्या की त्यांना आजही नीट नावं देता येत नाहीत. ओपन ई साठी पाचवी, चौथी आणि तिसरी तार चढवावी लागते. पावसाने माझ्या गिटारचं लाकूड आधीच फुगलेलं, तारा फ्रेटबोर्डापासून उचललेल्या. तशात चौथी तार पिळता पिळता तुटली आणि मनगटावर लागली. चूक माझीच, जुन्या तारांवर इतका ताण द्यायचा नव्हता. आता ओपन डी लावतो, म्हणजे तारा उतरवायच्या, आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा). सूर तोच, जोखीम कमी. गिटार केसमध्ये, सोबत सिलिकाच्या पुड्या. आठवड्यात ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, बरीच खाली आली.

ब्रायन ॲडम्सचं 'समर ऑफ सिक्स्टी नाइन' झालं. कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवलेलं होतं, फारसं शिकायचं नव्हतं. 'द बँड' अशाच नावाच्या बँडचं 'द वेट' अडलंय ते गिटारवर नाही, गळ्यावर. चार कॅनेडियन आणि आर्कान्सॉचा लेव्हॉन हेल्म. ध्रुवपदाच्या शेवटी त्यांचे आवाज एकामागून एक येऊन एकमेकांवर बसतात, ते एकट्याने होत नाही. डोंबिवली-ठाण्याकडे दोन गाणारे मिळाले तर फार आनंद होईल.

राहिलं 'व्हीट किंग्ज'. द ट्रॅजिकली हिप हा ओंटारिओच्या किंग्स्टनचा बँड. कॅनडाबाहेर त्यांचं नाव फार कमी लोकांना माहीत आहे, आणि कॅनडात त्यांची गाणी लोक घरच्यासारखी म्हणतात. हे १९९२ चं गाणं लून नावाच्या पाणपक्ष्याच्या हाकेने सुरू होतं. तिकडच्या एक डॉलरच्या नाण्यावर तोच पक्षी आहे, म्हणून नाण्याला लूनी म्हणतात. चाल अंगाईसारखी शांत, आणि विषय डेव्हिड मिलगार्डचा. सॅस्कटूनमधल्या, त्याने न केलेल्या एका खुनासाठी त्याने तेवीस वर्षं तुरुंगात काढली. तो सुटला १९९२ मध्ये, आणि डीएनए चाचणीने पूर्ण निर्दोष ठरला १९९७ मध्ये.

गायक गॉर्ड डाउनीला मेंदूचा असाध्य कर्करोग झाल्याचं २०१६ च्या मे मध्ये जाहीर झालं. तरी बँडने देशभर दौरा केला आणि २० ऑगस्टला किंग्स्टनमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. सीबीसी या कॅनडाच्या सार्वजनिक वाहिनीने तो जाहिरातींशिवाय दाखवला. एक कोटी सतरा लाख लोकांनी पाहिला, म्हणजे देशातला जवळजवळ प्रत्येक तिसरा माणूस. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये डाउनी गेला.

'व्हीट किंग्ज' वाजवताना माझा उजवा हात नकळत जोर धरतो. कथा कळल्यापासून जास्तच. पण हे गाणं जोर केला की मोडतं. म्हणून पिक ठेवून दिलंय, अंगठ्याच्या मांसल भागाने वाजवतो, रात्री सगळे झोपल्यावर, शेजारच्या खोलीत जाग येणार नाही इतक्या हळू. तिसऱ्या कडव्यापर्यंत हात हलका राहतो. चौथ्याला अजून जड होतो. ऑगस्टभर तेवढंच करणार आहे, आणि सकाळी चहाआधी दहा मिनिटं गालगागा.