पहिल्या वर्षाच्या चुका जपून ठेवा

स्मरणिकेत सोनेरी दिवस आणि गुरुजनांचे ऋण यांवर बाकीचे माजी विद्यार्थी लिहितीलच. ही पाने आमच्या सर्कस शाळेत यंदा दाखल झालेल्या, सध्या जगलिंगच्या, म्हणजे चेंडू फेकत-झेलत हवेत खेळवण्याच्या वर्गात वाकून वाकून चेंडू वेचणाऱ्या मुलामुलींसाठी आहेत. सांगायचे ते एवढेच: शिक्षक आज ज्या चुका काढून टाकायला लावतात, त्याच पुढे विदूषकाच्या वर्गात परत मागतात. तेव्हा चूक सुधाराच, पण ती नेमकी कशी होत होती हेही लक्षात ठेवा.

शाळेत मिळणारे बाजरी भरलेले चेंडू साधारण १२० ग्रॅमचे असतात. ते पडले की जागीच बसतात. टेनिसच्या चेंडूवर शिकणाऱ्याचा निम्मा सराव चेंडूमागे धावण्यातच जातो. तीन चेंडूंसाठी कोपरे अंगालगत, पंजे कमरेच्या उंचीला आणि प्रत्येक फेक डोळ्यांच्या जरा वर. पहिला चेंडू वर टोकाला पोचला की दुसरा त्याच्या आतल्या बाजूने सोडायचा. इथे बहुतेकांचे एकच बिनसते. उजवा हात छान कमान काढतो आणि डावा आपला चेंडू वर न फेकता आडवाच उजव्या हातात सरकवतो. वरून चेंडू येतोय म्हटल्यावर हात रिकामा करायची घाई, दुसरे काही नाही. तिसरा चेंडू बाजूला ठेवा, ‘फेक, फेक, झेल, झेल’ असे मोठ्याने म्हणा आणि सुरुवात कच्च्या हाताने करा. पुढे पुढे चालत जात असाल तर कोपर अंगापासून सुटते आहे. भिंतीसमोर हातभर अंतरावर उभे राहा, भिंतच शिकवते.

आता गंमत बघा. १९८०च्या दशकात जगलिंग करणाऱ्या गणितप्रेमींनी फेकी आकड्यांत लिहायची पद्धत काढली. ३ म्हणजे समोरच्या हातात जाणारी नेहमीची फेक, ४ म्हणजे जरा उंच, त्याच हातात परतणारी, २ म्हणजे चेंडू हातातच धरलेला आणि १ म्हणजे या हातातून त्या हातात सरकवलेला. हात ठोक्याठोक्याला आळीपाळीने चालतात आणि आकड्यांची सरासरी म्हणजे चेंडूंची संख्या. ४४१ करून पाहा: उजव्याची उभी फेक, डाव्याची उभी फेक, मग उजव्याने सरकवायचे, पुढच्या खेपेला हात उलटे. शेवटचा तो १ म्हणजे पहिल्या दिवसाची तुमची चूकच, फक्त आता ती ठोक्यावर येते. सरासरी जुळली म्हणजे सगळे जुळले, असे मात्र नाही. ४२३ सुरळीत चालते. तेच आकडे ४३२ असे लावले की तिन्ही चेंडू एकाच ठोक्याला एकाच हातात येऊन आदळतात. जगलरच्या दृष्टीने हा क्रम अशक्य. विदूषकाला मात्र यापेक्षा चांगला घोटाळा आयता मिळायचा नाही.

पाच चेंडूंची घाई करू नका. उंच फेकले की वेळ मिळतो खरा, पण कंजूषपणे मिळतो. १ मीटर वर गेलेला चेंडू सुमारे ०.९ सेकंद हवेत असतो आणि ४ मीटर गेलेला १.८. उंची चौपट, वेळ दुप्पट. शिवाय मनगटातला बारीकसा तिरकेपणा वर जाऊन हातभर होतो.

तारेवरही चुकांचा हाच हिशेब. सरावाची तार गुडघ्याच्याही खाली असते, तरी नवखा पायांकडे बघतो आणि बघितले की डोके पुढे, वजन पुढे. नजर तारेच्या पलीकडच्या टोकावर हवी. पाऊल तारेच्या रेषेत ठेवा, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या फटीपासून टाचेच्या मध्यापर्यंत तार जाणवली पाहिजे. गुडघे सैल, हात खांद्यांच्या वर. तोल हातांनी सावरायचा. कंबर हलवून सावरायला गेलात की झोका वाढतच जातो. तोल गेलाच तर तार पकडायला जाऊ नका, सरळ खाली उतरा. हे पक्के झाल्यावरच दारुड्याची चाल शिकवतात. तिच्यात छाती, हात आणि मोकळा पाय वाटेल तसे झुलतात, पण कटी टेकलेल्या पावलाच्या वरून तसूभर हलत नाही. प्रेक्षकांना दिसते त्याच्या अगदी उलट कमरेखाली चाललेले असते.

पडणे हा तर वेगळा विषयच आहे, आणि आमच्या मते शाळेतला सर्वांत उपयोगी. मागे पडताना आधी खाली बसा, हनुवटी छातीला, पाठ गोल. दोन्ही हात अंगापासून थोडे फाकवून कोपरापासून तळव्यापर्यंत एकदम जमिनीवर आपटा. धक्का वाटला जातो आणि आवाजही दणदणीत येतो. हात मागे ताठ टेकणे ही जुनी सवय, त्यात मनगट जाते. खोट्या थपडीत मारणाऱ्याचा हात गालाला लागतच नाही. टाळी मार खाणारा वाजवतो, छातीपाशी, प्रेक्षकांच्या आड. मान वळणे आणि आवाज एकाच क्षणी हवेत. आवाज मागे पडला की हशाही पडतो. कधी सुरू करायचे हे मार खाणाऱ्याने नजरेने सांगायचे, मारणाऱ्याने नव्हे.

आणि चेंडू पडला तर लगेच वाकू नका. आधी चेंडूकडे बघा, मग प्रेक्षकांकडे, मग पुन्हा चेंडूकडे. दुसऱ्या नजरेला दोन ठोके तरी द्या. तिथे घाई झाली तर ती साधी चूक दिसते. मग तो दोन्ही घोट्यांमध्ये धरून उडी मारा आणि टाचा मागून वर झटका, म्हणजे चेंडू खांद्यावरून पुढे येतो. गुडघे पोटाकडे घेतलेत तर तो पुढच्या रांगेत जाईल. तेही चालते म्हणा, परत मागताना आणखी एक प्रसंग मिळतो.