मोजून काय होतं, हे तुम्ही विचारलंत म्हणून

"इतकी वर्षं सड्यावर बेडूक, पाली, फुलं मोजताय. मोजून काय होतं? वाचलं काय?" हा प्रश्न मला नातेवाईक विचारतात, एसटीत शेजारी बसलेले विचारतात. परवा तर आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या एका सरांनी विचारला. आजवर मी प्रत्येकाला तेवढ्यापुरतं काहीतरी सांगून वेळ निभावली. सरांना तसं सांगता येईना, म्हणून हे लिहितेय. सडा म्हणजे आमच्या कोकणातलं उघडं कातळाचं पठार.

बरीच वर्षं माझं ठरलेलं उत्तर गिधाडांचं होतं. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) या संस्थेच्या विभू प्रकाश यांनी ऐंशीच्या दशकात गिधाडांची घरटी मोजून ठेवली होती. नव्वदच्या दशकात त्यांनी तिथेच पुन्हा मोजली, तेव्हा गिधाडं किती झपाट्यानं संपत चालली आहेत ते कळलं. २००४ मध्ये कारण सापडलं. गुरांना वेदनाशामक म्हणून दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जातं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी करतं. २००६ मध्ये भारतात गुरांसाठी ते औषध बनवायला बंदी आली. जुना आकडा नसता तर "हल्ली गिधाडं दिसत नाहीत" एवढं म्हणून आपण गप्प बसलो असतो. हे मी छातीठोकपणे सांगायचे आणि आजही त्यातला शब्द मागे घेत नाही.

पण त्या गोष्टीतले दोन भाग मी सांगत नसे. एक, बंदी येईपर्यंत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी पंचाण्णव टक्क्यांहून जास्त संपली होती. दुसरं, डायक्लोफेनॅकला मेलॉक्सिकॅम या गिधाडांना न बाधणाऱ्या औषधाचा पर्याय होता. शेतकऱ्याला फक्त बाटली बदलायची होती, जमीन सोडायची नव्हती. सड्याचं तसं नाही.

सडा आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी तो उन्हाळ्यात पाहिलेले लोकच त्याच्याबद्दल जास्त बोलतात. एप्रिलमध्ये तिथे काळा तापलेला कातळ असतो, दुसरं काही दिसत नाही. पहिला पाऊस पडला की दीपकाडी वर येते, खळग्यांत पाणी साठतं, बेडूक ओरडायला लागतात. पुढे श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं आणि गेंद असे फुलतात की पाय कुठे ठेवावा कळत नाही. सुट्या दगडांखाली पांढऱ्या पट्ट्यांची एक छोटी पाल राहते. ती जगात फक्त कोकणाच्या या पट्ट्यात आहे. ओलसर मातीत देवगांडूळ असतं. लोक त्याला गांडूळ किंवा साप समजून मारतात, पण ते बेडकाच्या गोतातलं आहे. आणि खाणीसारख्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी हवी असली की वनस्पती-प्राण्यांची पायाभूत माहिती एका हंगामाची गोळा करतात, तीही पावसाळा सोडून. नियमानंच. म्हणजे वर्षातले जे चार महिने सडा जिवंत असतो, नेमके तेच वगळलेले. मग अहवालात "विशेष जैवविविधता आढळली नाही" असं येतं आणि ते खोटंही नसतं. मी पावसात जाते ती एवढ्यासाठी.

"आता रेकॉर्डर आहेत, एआय आहे, पाण्याच्या थेंबातल्या डीएनएवरून सगळं कळतं, मग तुम्ही कशाला भिजता?" असंही विचारतात. ही साधनं खरंच चांगली आहेत. रात्रभर लावलेला रेकॉर्डर माझ्यापेक्षा जास्त बेडूक ऐकतो आणि मी तो वापरते. पण देवगांडूळ ओरडत नाही. दगडाखालच्या पालीसाठी दगडच उलटावा लागतो. उलटायचा, बघायचं, लिहायचं आणि होता त्याच कुशीवर जसाच्या तसा परत ठेवायचा. कडा हलली तर खालचा ओलावा जातो. मोजणीसाठी आखलेल्या एकाच तुकड्यावर एका हंगामात पुन्हा पुन्हा जायचं, कारण एकदा दिसलं नाही म्हणजे तिथे नाहीच, असं म्हणता येत नाही. किती फेऱ्यांत किती वेळा दिसलं यावरून, असूनही न दिसण्याची शक्यता काढता येते. मगच "इथे ही पाल नाही" असं लिहायचा अधिकार मिळतो.

देवगड तालुक्यातल्या एका सड्यावर आमचे असे तुकडे होते. जमीन खाजगी. मालक हापूसचे बागायतदार, वयानं माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. मी त्यांना काका म्हणते. पहिल्या वर्षी त्यांनी स्वतः हद्द दाखवली होती, पाणी कुठे साठतं ते दाखवलं होतं. ज्या दगडांवर लक्ष ठेवायचं त्यांच्या कोपऱ्यावर आम्ही पिवळ्या रंगाचा छोटा ठिपका दिला होता.

एका जूनमध्ये गेले तर सडा नव्हता. पोकलेननं वरचा थर फोडला होता, ओळीनं खड्डे मारले होते. खालून टेम्पोनं आणलेली लाल माती भरून कलमं लावली होती. पाण्याचे खळगे बुजले होते. सुटे दगड एकूण एक उचलून कडेनं गडगा घातला होता, नवा, नीट रचलेला. मी गडग्याच्या कडेनं चालत गेले आणि मला पिवळे ठिपके दिसायला लागले. एक इथे, एक कमरेच्या उंचीवर, एक पार तळाला. काही आत गेले असणार. प्रत्येक ठिपक्याचा क्रमांक वहीत होता, त्याच्याखाली कधी काय दिसलं ते होतं. सतराव्या दगडाखाली सलग दोन पावसाळे पालीची अंडी होती. तो दगड गडग्यात उभा बसवला होता. मी तिथे किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. पाऊस आला तरी मला छत्री उघडायचं सुचलं नाही. माझ्याबरोबर आलेली मुलगी, तिचा तो पहिलाच हंगाम, मला विचारत होती की आज फॉर्ममध्ये काय भरायचं.

काका आले. रागावतील, निदान ओशाळतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "भिजतंस कित्याक? चल, चाय घे." पडवीत बसल्यावर त्यांनीच विषय काढला. "तुझे ठिपके गेले काय गो? माका ध्यानात रवला नाय." त्यात काहीच खोट नव्हती. त्यांचा मुलगा लॉकडाउनमध्ये मुंबईहून आला आणि परत गेला नाही. त्याला उभं करायचं होतं. सातबाऱ्यावर ही जमीन पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, आणि फळबाग लावायला सरकारी योजनेचं अनुदान. खाजगी जमिनीवर बाग करायला पर्यावरणाची कसलीच मंजुरी लागत नाही, त्यामुळे नियम मोडला असंही नाही. मग ते म्हणाले, "ह्या कातळार माझ्या बापाशीन कुळीथ सुदीक पिकवल्यान नाय. आता कलमां लागली. तू मोजतंस ता बरा. पण बाय, मोजून काय होतला?"

तुम्ही विचारता तेव्हा मला चीड येते. त्यांनी विचारलं तेव्हा आली नाही. मी गिधाडांची गोष्ट सुरूही केली आणि अर्ध्यात थांबले. "दगड राखून ठेवल्याचे पैसे कोण देतलो, ता सांग," असं ते म्हणाले. चिडून नाही, खरंच माहिती हवी म्हणून.

त्या दिवशी फॉर्ममध्ये आम्ही "शून्य" भरलं. पुढच्या फेऱ्यांनाही गेलो, कारण एका शून्याला अर्थ नसतो. आता जे लिहितेय ते मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या बागेनं माझं संशोधन बिघडलं नाही, उलट त्याला वजन आलं. एकाच जागेची आधीची आणि नंतरची नोंद फार थोड्यांकडे असते. माझ्याकडे ती आली, सादरीकरणात लोकांनी मान डोलावली, आलेख बघून कुणीतरी "सुंदर" म्हणालं. त्या शब्दानं माझ्या पोटात गोळा आला. तरीही मी तो आलेख काढून टाकलेला नाही. काढू नये असंच माझं मत आहे. सडा गेलाय, निदान कसा गेला ते तरी राहू दे.

आणि एकट्या माझ्या नोंदी नाहीत. रत्नागिरी-सिंधुदुर्गात संशोधकांनी सडे, पडीक भातखाचरं आणि आंबा-काजूच्या बागा अशा तिन्ही जागी हजारो दगड उलटून तुलना केली आहे. बेडकांवरचा अभ्यास २०२५ मध्ये आला, त्यात बेडूक सगळ्यात कमी बागांमध्ये निघाले. भातशेतीतही फरक पडतो, पण तिथे निदान पाणी साठतं. म्हणजे "शेती की सडा" असा सरळ प्रश्न नाही, कुठली शेती हाही आहे. सगळीकडे सारखंच नुकसान होतं असं मी पूर्वी बोलायचे, ते या मोजण्यामुळेच थांबलं. याला "काही झालं" म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

कामाला लागले तेव्हा मी सगळ्यांना सांगायचे की लोकांना माहीत नाही म्हणून नाश होतो, माहिती दिली की थांबेल. माझ्याबरोबर येणारी ती मुलगी आज तेच म्हणते आणि त्यावरून मी तिच्याशी भांडते. काकांना माहीत होतं. पाल कुठे राहते हे त्यांनी नातवाला दाखवलं होतं, माझ्यासमोर. ती मुलगी मला उलट सांगते, आंबोलीचं बघ. हिरण्यकेशीच्या कुंडातला मासा २०२० मध्ये नवी जात म्हणून प्रसिद्ध झाला आणि २०२१ मध्ये सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. एका वर्षात! बरोबर आहे. पण ती दोन-अडीच हेक्टरची देवाची जागा, तिथे कुणाला कलमं लावायची नव्हती. नोंद केल्यानं जागा वाचते ती बहुतेक वेळा तिथे, जिथे कुणाची भाकरी अडत नाही. हे माझं आजचं मत आहे. ते चुकीचं ठरलं तर मला आनंदच होईल.

मग गावातल्या जीवांची नोंद ठेवायच्या लोकजैवविविधता नोंदवह्या आहेत ना, असं सर म्हणाले. आहेत. २००२ च्या कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीला त्या सांगितल्या. बरीच वर्षं कुणी हललं नाही. मग हरित लवादानं जानेवारी २०२० अखेरची मुदत घातली, पुढे राज्याला महिन्याला दहा लाखांचा भुर्दंड, आणि राज्यभर घाईनं वह्या भरल्या गेल्या. अशाच एका वहीत मी सड्याचं पान उघडलं तर "निरंक" लिहिलं होतं. ते पान परत भरायला ग्रामसेवकांनी होकार दिलाय. शाळेतली मुलं पावसात येतील, मी येईन. त्यावर फक्त एवढं होईल की पुढच्या वेळी कुणी "इथे काही नव्हतं" म्हणाला तर त्याला ते पान दाखवता येईल.

काकांच्या सड्याचा उरलेला भाग त्यांच्या चुलत भावाचा आहे. आमचे शेवटचे तुकडे त्याच्यावर आहेत. त्यानं मला फोन करून विचारलं की कातळ तसाच ठेवला तर काही मिळण्याची योजना आहे का, नाहीतर दिवाळीनंतर पोकलेन सांगतो. मी दिवाळीपर्यंत थांबा म्हटलं. दोन कार्यालयांत जाऊन आले. झाडं लावायला पैसे आहेत, न लावायला नाहीत. अजून एका ठिकाणी विचारायचं आहे. तोवर पाऊस आहे, तर मोजतेय.